‘किती’च्या आधी ‘कुठे’

मिलानच्या कारखान्यात तयार झालेले कॉफीचे एक मशीन आहे. करापूर्वीची किंमत समजा १,००० युरो. मिलानच्याच दुकानातून कोणी ते विकत घेऊन हातात उचलले, तर त्यावर इटलीचा व्हॅट लागतो, २२ टक्के. तेच मशीन बुडापेस्टमधल्या कोणी घरबसल्या मागवले आणि विक्रेत्याची अशी परदेशी विक्री ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेली असली, तर हंगेरीचा लागतो, २७ टक्के. ल्योनच्या कॅफेमालकाने आपला फ्रेंच व्हॅट क्रमांक देऊन ते मागवले, तर मिलानच्या बिलावर कर शून्य. फ्रान्सचा २० टक्के कर त्या मालकाने स्वतःच्या विवरणपत्रात स्वतःच दाखवायचा आणि पात्र असेल तर त्याच विवरणपत्रात त्याची वजावटही घ्यायची. आणि मशीन एवढे मोठे असले की मिलानचे फिटर ल्योनला जाऊन ते बसवून, चालू करून देणार, तर ही विक्री मुळात फ्रान्समध्येच झाली असे कायदा धरतो. मशीन एक, किंमत एक, कारखाना एक, उत्तरे चार.

या चारही उत्तरांत ‘कर किती?’ हा प्रश्न शेवटी येतो, आणि तो सोपा असतो, कारण दर कोष्टकात छापलेला असतो. खरा तिढा आधीच्या प्रश्नात आहे: हा व्यवहार झाला कुठे? कायद्यात त्याला पुरवठ्याचे ठिकाण म्हणतात. आपल्याकडच्या सीए मंडळींच्या तोंडी ‘प्लेस ऑफ सप्लाय’ बसले आहे. हे सगळे पुस्तक त्या एका प्रश्नावर आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. ठिकाण नकाशात बघून सापडत नाही, ते कायद्याने ठरवावे लागते. आणि ते ठरवणाऱ्या बहुतेक नियमांच्या मुळाशी दोन देशांच्या तिजोऱ्यांमधला एक जुना वाद असतो. वाद कळला की नियम डोक्यात राहतो. नाही कळला तर हाती उरते पाठांतर, आणि ते ऐन वेळी दगा देते.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच परका नाही. जीएसटीतही तो आहे. पुण्याच्या व्यापाऱ्याने नागपूरला माल विकला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बेळगावला विकला तर आयजीएसटी. पण आपल्याकडे ठिकाण बदलले तरी दर बदलत नाही, पोर्टल बदलत नाही, विवरणपत्र तेच राहते. चूक झाली तर पैसे चुकीच्या खात्यात जातात आणि ते निस्तरण्याची सोय कायद्यातच आहे, कारण वर केंद्र सरकार बसलेले आहे. युरोपियन युनियनमध्ये असे केंद्र नाही. २७ देश, २७ व्हॅट कायदे, लक्झेंबर्गच्या १७ टक्क्यांपासून हंगेरीच्या २७ टक्क्यांपर्यंत पसरलेले दर, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र कर अधिकारी. ठिकाण चुकले की ज्या देशाचा कर बुडाला तो दंड-व्याजासकट मागतो. ज्या देशाला चुकून दिला तोही सहजासहजी सोडत नाही, कारण बिलावर छापलेला कर साधारणतः भरावाच लागतो, मग तो छापायला नको होता असे नंतर कळले तरी. एकाच विक्रीवर दोनदा कर भरण्याची वेळ येते ती अशी.

हे असे का झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागते. व्हॅटचे जन्मस्थान फ्रान्स. मोरिस लोरे या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९५४ मध्ये तिथे हा कर आला. त्याआधी युरोपातल्या अनेक देशांत मालाच्या प्रत्येक हातबदलाला पूर्ण किमतीवर कर लागे, करावर कर चढत जाई. व्हॅटने प्रत्येक टप्प्यावर फक्त वाढलेल्या मूल्यावर कर बसवला. १९६७ च्या दोन निर्देशांनी तो त्या वेळच्या सामायिक बाजारपेठेतल्या सर्व देशांचा कर ठरला, १९७७ च्या सहाव्या निर्देशाने नियम बऱ्याच अंशी एकसारखे केले, आणि तेच सगळे २००६ च्या ११२ क्रमांकाच्या निर्देशात नव्याने मांडले गेले. आज सगळे या निर्देशावरच चालते. कराबाबतचा कुठलाही बदल मात्र सर्व देशांच्या एकमतानेच होतो. एकाने मान हलवली नाही की गाडी तिथेच अडते.

१९९२ पर्यंत ‘कुठे’चा प्रश्न सीमेवरचे नाके सोडवत होते. इटलीतून फ्रान्सला निघालेला माल म्हणजे निर्यात; इटलीने कर सोडायचा, फ्रान्सने नाक्यावर वसूल करायचा. १ जानेवारी १९९३ ला एकसंध बाजारपेठ आली आणि युनियनच्या आतले नाके उठले. लॉरी थांबेना, तेव्हा कर कुठे अडवायचा? युरोपीय आयोगाचे तेव्हाचे आयुक्त लॉर्ड कॉकफील्ड यांच्या १९८५ च्या श्वेतपत्रिकेतून पुढे आलेली सूचना अशी होती, की माल जिथून निघतो तिथेच कर लावावा आणि देशांनी नंतर आपसात हिशेब मिटवावा. आपला पैसा आधी दुसऱ्याच्या तिजोरीत जाणार आणि मग त्याच्या हिशेबावर विसंबून परत येणार, हे अर्थमंत्र्यांच्या गळी उतरले नाही. म्हणून तात्पुरती तडजोड झाली. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतली विक्री निघण्याच्या देशात करमुक्त, आणि पोहोचण्याच्या देशात खरेदीदाराने ‘संपादन’ म्हणून स्वतः कर दाखवायचा. ही तडजोड १९९६ अखेर संपायची होती. निर्देशाच्या ४०२ व्या कलमात ती आजही ‘संक्रमणकालीन’ म्हणूनच नोंदलेली आहे.

ल्योनच्या कॅफेमालकाचे शून्य कराचे बिल या तडजोडीतून आले. नाक्याची जागा आता खरेदीदाराच्या व्हॅट क्रमांकाने घेतली आहे. म्हणून त्या क्रमांकाला एवढे महत्त्व. ‘व्हीआयईएस’ या सामायिक यंत्रणेत तो तपासता येतो, आणि तपासल्याचा दिनांकासह पुरावा ठेवणे हे विक्रेत्याचे पहिले काम. २०२० पासून वैध क्रमांक नसेल तर करमुक्ती मिळत नाही. क्रमांकाच्या सुरुवातीला देशाची दोन अक्षरे असतात, तिथेही गंमत आहे. ग्रीसची अक्षरे ‘जी-आर’ नसून ‘ई-एल’ आहेत. ब्रेक्झिटनंतर उत्तर आयर्लंडला ‘एक्स-आय’ ही वेगळी अक्षरे मिळाली, कारण मालाच्या बाबतीत तो प्रदेश युनियनच्या नियमांत आहे आणि सेवांच्या बाबतीत बाहेर. आणि माल ल्योनला उतरवणाऱ्या खरेदीदाराने फ्रेंच क्रमांकाऐवजी आपला बेल्जियमचा क्रमांक दिला, तर फ्रान्समध्ये कर भरल्याचे सिद्ध होईपर्यंत बेल्जियमही कर मागू शकतो, शिवाय तिथे त्याची वजावट मिळत नाही. क्रमांक चुकीचा दिला म्हणून एवढी शिक्षा का, असे वाटेल. पण नाका उठल्यावर तपासायला दुसरे काही उरलेच नव्हते.

याच शून्य बिलातून युनियनची मोठी डोकेदुखीही जन्मली. परदेशातून बिनकराचा माल घ्यायचा, देशात कर लावून विकायचा, कर खिशात घालून पसार व्हायचे आणि माल पुन्हा परदेशी पाठवून तोच फेरा सुरू करायचा. मोबाइल फोन आणि संगणकाच्या चिप हा या टोळ्यांचा आवडता माल. लहान, महाग, हलवायला सोपा. पुढे तर माल हलवायचीही गरज उरली नाही. कार्बन उत्सर्जनाचे परवाने संगणकावरच हात बदलतात, त्यांत हा खेळ रंगला. त्यातून काही देशांचा मिळून सुमारे ५ अब्ज युरोंचा कर बुडाल्याचा अंदाज युरोपोलने २००९ च्या अखेरीस जाहीर केला. आज कर खाते प्रामाणिक व्यापाऱ्याकडेही वाहतुकीचे कागद आणि क्रमांकाचे पुरावे बारकाईने मागते, त्यामागे हा इतिहास आहे.

मालाचा निदान माग काढता येतो. सेवेचे काय? वकिलाचा सल्ला मिलानमध्ये झाला की फोनच्या दुसऱ्या टोकाला व्हिएन्नात? पूर्वीचा मूळ नियम होता सेवा देणाऱ्याच्या ठिकाणाचा. नेदरलँड्समधले पशुवैद्य बेल्जियममधल्या गोठ्यांत जाऊन गुरांवर उपचार करत. गाय बेल्जियमची, गोठा बेल्जियमचा, पण कर नेदरलँड्सचा, असे युरोपीय न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. २०१० मध्ये नियम उलटला. घेणारा व्यावसायिक असेल तर सेवा घेणाऱ्याच्या देशात. घेणारा साधा ग्राहक असेल तर, अपवाद वगळता, देणाऱ्याच्या देशात. शेतकरी हाही व्यावसायिकच, त्यामुळे तेच पशुवैद्य आज त्याच गोठ्यात गेले तर कराचे ठिकाण बेल्जियम. गाय जागची हलली नाही, उत्तर बदलले.

आणि अपवाद? या विषयाची खरी श्रीमंती तिथे आहे, म्हणून पुस्तकातही सर्वांत जास्त पाने त्यांनाच दिली आहेत. जमीन-इमारतीशी निगडित सेवा जिथे ती मालमत्ता तिथे. हे ऐकायला सरळ आहे. पण एका जर्मन कंपनीने ऑस्ट्रियातल्या ट्राउन नदीच्या काही पट्ट्यात मासे पकडण्याचे परवाने विकत घेतले आणि ते पुढे आपल्या ग्राहकांना विकले. परवाना म्हणजे एक कागद. तो जर्मनीत विकला तर कर जर्मनीचा, असे कंपनीचे गणित होते. ऑस्ट्रियात भरलेला कर तिने परत मागितला. न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले, की परवान्याचे सगळे मोल त्या ठरावीक पाण्यात आहे, आणि नदीचा तो पट्टा म्हणजे स्थावर मालमत्ता. सेवा ऑस्ट्रियाची, कर ऑस्ट्रियाचा. वाहते पाणी कायद्याच्या लेखी स्थावर ठरले ते असे.

प्रवासी वाहतुकीचे ठिकाण अंतराच्या प्रमाणात ठरते. म्युनिकहून व्हिएन्नाला निघालेल्या बसच्या तिकिटात जर्मनीतले किलोमीटर वेगळे, ऑस्ट्रियातले वेगळे. सहलीचा दर एकरकमी असला तरी अंतराच्या हिशेबानेच वाटणी करायची, असे १९९७ च्या निकालात आहे. आगगाडीच्या तिकिटालाही तोच नियम. पण युनियनमधल्या प्रवासात त्याच गाडीच्या उपाहार डब्यात कॉफी घेतली, तर तिचे ठिकाण गाडी जिथून निघाली तो देश. एका डब्यात कर किलोमीटरने, शेजारच्या डब्यात सुटण्याच्या स्थानकाने. कारण व्यावहारिक आहे. तिकिटाचा हिशेब कचेरीत बसून आधी करता येतो. कॉफी ओतणाऱ्याला मात्र खिडकीबाहेर कोणता देश चालला आहे हे बघत बसायला सांगता येत नाही.

समुद्रात तर आणखीच मौज. जर्मनीतले पुटगार्डन आणि डेन्मार्कचे रोडबीहाउन यांच्यात चालणाऱ्या फेरीबोटींवर हँबर्गच्या एका व्यावसायिकाची जुगाराची यंत्रे होती. बोट हेच आपले तिथले आस्थापन, असा त्याचा दावा होता. १९८५ च्या निकालाने तो सहसा टिकणार नाही हे दाखवले, आणि एक कसोटी घालून दिली: जिथे माणसे आणि साधने दोन्ही कायम असतात, आणि त्यांच्या बळावर सेवा देता येते, तेच स्थिर आस्थापन. नुसती यंत्रे ठेवून भागत नाही. ही कसोटी आजही, परदेशी सर्व्हर किंवा गोदामाच्या वादात, न चुकता काढली जाते. दुसरे प्रकरण स्वीडनमधल्या एका कंपनीचे. दोन देशांना जोडणारी फायबर ऑप्टिक केबल तिने समुद्रतळातून टाकायची होती. न्यायालयाने २००७ मध्ये केबल लांबीने मोजली: जितकी ज्या देशाच्या हद्दीत, तितका त्या देशाचा कर; आणि जी कुणाच्याच प्रादेशिक हद्दीत नाही, त्या भागावर व्हॅटच नाही.

इंटरनेटने हा प्रश्न घराघरांत नेला. २०१४ पर्यंत युनियनमधल्या कंपनीने ग्राहकाला विकलेल्या गाण्यांवर, अ‍ॅपवर, ई-पुस्तकांवर विक्रेत्याच्या देशाचा कर लागे. लक्झेंबर्गचा दर तेव्हा १५ टक्के. मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांची युरोपीय ठाणी त्या चिमुकल्या देशात का होती, त्याच्या उत्तरात हाही एक धागा आहे. २०१५ पासून ठिकाण ग्राहकाकडे गेले. लक्झेंबर्गने एकदम नुकसान सोसू नये म्हणून वसुलीतला ३० टक्के आणि पुढे १५ टक्के हिस्सा विक्रेत्याच्या देशाला २०१८ पर्यंत राखून ठेवता येईल अशी सोय झाली, आणि त्याच नववर्षाला लक्झेंबर्गने आपला दर १७ टक्के केला. पण नियमाला किमान मर्यादा नव्हती. विणकामाचे नमुने ऑनलाइन विकणाऱ्या बाईंनाही परदेशातल्या पहिल्याच ग्राहकापासून त्याच्या देशाचा कर हिशेबात धरणे भाग होते. २०१९ मध्ये वर्षाला १०,००० युरोंची मर्यादा आली, आणि १ जुलै २०२१ पासून घरपोच मालाच्या विक्रीलाही तीच लागू झाली. त्याच दिवशी ‘वन स्टॉप शॉप’ सुरू झाले: विक्रेत्याने आपल्याच देशात तिमाहीला एक विवरणपत्र भरायचे, पैसे त्या-त्या देशाला पोहोचतात. दर मात्र प्रत्येक ग्राहकाच्या देशाचाच लावायचा.

मग ग्राहक कोणत्या देशाचा? बिलाचा पत्ता, संगणकाचा आयपी पत्ता, बँक खात्याचा देश, सिमकार्डचा देश, यांतले एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे लागतात. छोट्या विक्रेत्याला एक पुरतो. पुण्याहून शिकायला गेलेली एखादी मुलगी आखेनमध्ये राहते, बँक जर्मन, पत्ता जर्मन. शनिवारी ती मास्ट्रिक्टला गेली आणि तिथल्या वायफायवरून एक अ‍ॅप घेतले. आयपी पत्ता नेदरलँड्स म्हणतो, पण बँक आणि पत्ता जर्मनी म्हणतात. दोन जुळले, कर जर्मनीचा, १९ टक्के.

महाराष्ट्राशी या पुस्तकाचा थेट संबंध तीन ठिकाणी येतो. पुण्याचा एखादा प्रोग्रॅमर आपले सॉफ्टवेअर स्वतःच्या संकेतस्थळावरून बर्लिनमधल्या ग्राहकाला विकत असेल, तर १०,००० युरोंची सवलत त्याला नाही. ती फक्त युनियनमध्ये आस्थापन असलेल्यांना आहे. पहिल्या युरोपासून जर्मन व्हॅट लागतो, आणि त्यासाठी युनियनबाहेरच्यांची वेगळी ‘वन स्टॉप’ योजना आहे. अ‍ॅप स्टोअरमार्फत विकले तर ही जबाबदारी बहुधा स्टोअरवर जाते. बर्लिनच्या कंपनीला विकले तर कर ती कंपनी स्वतः दाखवते. कोल्हापुरी चपलांचा जोड पार्सलने पॅरिसला पाठवणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की २२ युरोंपर्यंतच्या पार्सलवरची व्हॅटची माफी २०२१ मध्ये गेली. १५० युरोंपर्यंतच्या मालावर विकतानाच कर घेऊन दरमहा भरण्याची योजना आहे, पण भारतीय विक्रेत्याला त्यासाठी युनियनमधला मध्यस्थ नेमावा लागतो. तसे केले नाही तर पॅरिसच्या ग्राहकाला दारात कर आणि हाताळणीचे शुल्क मागितले जाते, आणि चपला परत येतात. तिसरे नाशिकच्या द्राक्षांचे. कंटेनर रॉटरडॅमला उतरतो तेव्हा आयातीचा व्हॅट देय होतो. परवाना असलेल्या डच आयातदाराला तो बंदरावर रोख न भरता विवरणपत्रात दाखवता येतो. खेळते भांडवल अडकत नाही, आणि भारतीय निर्यातदाराने सौदा करताना आयातदार कोण हे आधीच का ठरवावे, ते यातून कळते.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. पहिल्या भागात वस्तू, दुसऱ्यात सेवा, तिसऱ्यात ऑनलाइन विक्री, चौथ्यात युनियनबाहेरून येणारा माल. शेवटी व्हॅटच्या नकाशातल्या फटींवर एक छोटे प्रकरण आहे: इटलीतले लिविन्यो, स्वित्झर्लंडने वेढलेले जर्मनीचे ब्यूसिंगेन, स्पेनची कॅनरी बेटे, ग्रीसमधला आथोस पर्वत हे सगळे युनियनच्या देशांचे भाग असून तिच्या व्हॅटबाहेर आहेत. उलट मोनाको सदस्य नसूनही व्हॅटसाठी फ्रान्समध्ये धरला जातो. प्रत्येक प्रकरणात आधी वाद, मग नियम, मग आकडेमोड असा क्रम ठेवला आहे. ज्यांना फक्त नियम हवा आहे त्यांनी मधूनच उघडायला हरकत नाही. विद्यार्थ्यांनी आणि नव्या सल्लागारांनी मात्र वाद वगळू नयेत.

हे नियम बदलत राहणार. ११ मार्च २०२५ ला ‘डिजिटल युगातील व्हॅट’ या नावाने मोठा बदल मंजूर झाला. २०२८ पासून एकाच नोंदणीत अधिक प्रकारची विक्री बसेल, आणि १ जुलै २०३० पासून देशांदरम्यानच्या व्यापारी बिलांची माहिती कर खात्यांकडे जवळजवळ लगेच, संगणकावरून पोहोचेल. दरांचेही तसेच, फिनलंडचा दर २०२४ मध्ये २४ वरून २५.५ झाला. म्हणून पुस्तकातले दर वापरण्यापूर्वी त्या दिवशीचे दर पाहावेत.

विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतील, आणि त्यांचा क्रमही: विकले काय, वस्तू की सेवा, घेणारा कोण, व्यावसायिक की ग्राहक, माल निघाला कुठून आणि पोहोचला कुठे, आणि या सगळ्याला पुरावा काय. शेवटच्या प्रश्नाकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ‘वन स्टॉप’ योजनेतल्या नोंदी १० वर्षे जपाव्या लागतात. आयपी पत्ता, वाहतुकीची पावती, क्रमांकाची तपासणी यांतले बरेचसे विक्रीच्या दिवशीच मिळते, नंतर शोधून सापडत नाही. वर्षअखेरीला बिलांचा गठ्ठा सीएपुढे ठेवून ‘आता ठिकाण ठरवा’ म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे. ठिकाण ठरते ते बिल छापण्यापूर्वी, आणि ते ठरवण्याचे काम विक्री करणाऱ्याचे आहे. ज्यांनी ते तेव्हाच केले, त्यांच्या सीएला वर्षअखेरीस फक्त बेरीज करायची उरते.